मूठ घरची

फेरो रॉड विकत घ्यावा, त्याची मूठ विकत घेऊ नये. डोंगरात जाणाऱ्या मित्रांना मी हे इतक्या वेळा सांगितलंय की आता ते नुसता, बिनमुठीचा रॉड मागवतात आणि थेट माझ्याकडे घेऊन येतात. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घराच्या मागल्या दारी एक जुनं बाक आहे. त्यावर करवत, कानस, हातड्रिल आणि लाखेची पिशवी कायमची मांडलेली असते. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिथे बसून कुणाच्या तरी हाताची मूठ घडवणं हे माझ्या फार आवडीचं काम आहे.

ज्यांनी हे साधन हाताळलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फेरो रॉड म्हणजे आग पाडायची, धातूची एक काळपट कांडी, साधारण 8 मिलिमीटर जाड आणि 80 मिलिमीटर लांब. पोलादाच्या काटकोनी, धारदार कडेने ती खरवडली की ठिणग्यांचा झोत उडतो. पाण्यात पडली तर पुसायची आणि पुन्हा वापरायची. आपल्या जुन्या चकमकीशी तिचं नातं आहे, पण काम उलटं चालतं. चकमकीत गारगोटी कठीण असते; ती पोलादाचा बारीक कीस काढते आणि तो कीस हवेत जळतो. इथे पोलाद कठीण आणि कीस निघतो तो रॉडचा. चकमकीची ठिणगी दुबळी, ती झेलायला करपवलेला कापूस लागायचा. रॉडची ठिणगी सुमारे 3000 अंश सेल्सियसपर्यंत तापते, त्यामुळे नारळाच्या सोडणाचा सुका काथ्या हाताने पिंजून त्याचा पोकळ गोळा केला तरी काम भागतं.

दुकानातल्या रॉडला मूठ असते ती प्लास्टिकची, दोन बोटांत धरता येईल एवढी. खिशात मावावी, किल्ल्यांच्या कडीत अडकवावी या हिशेबाने ती केलेली असते. आग पाडताना हात काय करतो, याचा विचार तिच्यात नाही. बहुतेक लोक रॉड काथ्यावर टेकवतात आणि पोलादाची पट्टी जोरात खाली ओढतात. हात खाली जातो, काथ्याच्या गोळ्यावर आदळतो, मेहनतीने रचलेलं सगळं विस्कटतं. खरी पद्धत वेगळी आहे. पट्टी काथ्याच्या अगदी वर स्थिर धरायची आणि रॉड मागे, स्वतःच्या अंगाकडे ओढायचा. ठिणग्या आहेत तिथेच पडतात, हात गोळ्यापासून लांब जातो. पण असं ओढायचं म्हणजे सगळा जोर मुठीवर येतो, आणि दोन बोटांत धरलेलं ओलं प्लास्टिक सटकतं. म्हणून माझ्या प्रत्येक मुठीच्या शेवटाला बोंड असतं, लाटण्याच्या टोकाला असतं तसं. करंगळी त्या बोंडाला अडते आणि कितीही जोराने ओढलं तरी मूठ हातातून निघत नाही. मुठीची लांबी पंजाच्या रुंदीहून थोडी जास्त. नेहमीच्या हाताला 95 ते 100 मिलिमीटर पुरते.

हे सगळं मी डोंगरासाठी सुरू केलं होतं. त्याचा खरा उपयोग घरातच झाला.

आमच्या न्हाणीत अजून तांब्याचा भाण आहे. आंघोळीचं पाणी त्यात तापतं. खाली माडाची सोडणं, पिडे, सुकलेली चुडतं जळतात. घरात गिझर आहे, पण आत्याला भाणाचंच पाणी लागतं आणि ते तापवण्याचं काम ती दुसऱ्या कुणाला देत नाही. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याला आमच्याकडे त्याहून जास्तच. आषाढ-श्रावणात न्हाणीतली काडेपेटी सादळते. पेटीच्या कडेचा मसाला ओला होतो आणि काडीचं गुल घासताच चुरा होऊन पडतं. पूर्वी पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या सामानात काडेपेट्यांचा पुडा यायचा आणि तो चुलीवरच्या फळीवर, धुराच्या उबेत ठेवला जायचा. चूल गेली, फळी राहिली, ऊब राहिली नाही.

त्यात आत्याचा संधिवात. काडी ओढायला अंगठा आणि दोन बोटांची चिमूट लागते, आणि तिची नेमकी तीच बोटं दुखतात. गॅसचा लायटर दाबायचा तर अंगठ्यावर जोर येतो. मुठीत धरायच्या वस्तूचं तसं नसतं. भार सगळ्या पंजावर वाटला जातो. आणि मूठ जितकी जाड, तितकी बोटं कमी मिटावी लागतात. सांधे सुजलेल्या माणसाला बारीक दांडा पकडणं म्हणजे शिक्षा असते. चमचा, झारा, उलथनं, सगळ्याच वस्तूंच्या बाबतीत हे खरं आहे, पण घरातल्या वस्तू बनवताना तिचा हात कुणी मोजलेला नसतो.

मी तो मोजला. चवथीची मूर्ती करणाऱ्यांकडून चिकण मातीचा एक गोळा आणला, लांबट केला आणि आत्याला म्हटलं, जेवढा दाबवेल तेवढाच दाब, उगाच जोर लावू नकोस. तिने डोळे मिटून तो मुठीत घेतला. उघडलेल्या हातातला तो गोळा मी कितीतरी वेळ न्याहाळत होतो. मधल्या आणि अनामिकेच्या खुणा खोल होत्या. तर्जनीची खूण उथळ आणि तिरकी, कारण ते बोट सरळ मिटत नाही. करंगळीने मातीला नुसता स्पर्श केला होता. अंगठ्याचा ठसा वर नव्हताच, बाजूला होता. ती अंगठा मुठीवर आणत नाही, कडेला टेकवते. इतकी वर्षं तिच्या हातचं जेवतोय, पण तिचा हात कसा धरतो हे मला त्या मातीने सांगितलं.

त्या ठशावरून मूठ केली ती पेरूच्या लाकडाची. जाडी नेहमीच्या 24 मिलिमीटरऐवजी 34. करंगळीच्या जोरावर भरवसा नव्हता म्हणून बोंड मोठं घेतलं, आणि अंगठ्याच्या जागी कडेला एक उथळ खळगा कोरला. पोलादाच्या पट्टीलाही तशीच जाड मूठ केली. ती पट्टी करवतीच्या तुटलेल्या पात्याची आहे. पाठीची कड सहाणेवर घासून काटकोनी केली की त्याहून चांगली पट्टी विकत मिळत नाही. आत्याने दोन्ही हातांत घेऊन पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “हें म्हज्या हातांत बसता.”

लाकडाविषयी मला पुष्कळ बोलता येईल. पेरू माझ्या पहिल्या पसंतीचा. फांदी फार जाड नसते, पण रेषा बारीक, वीण घट्ट, आणि कानसीखाली असं गुळगुळीत होतं की पॉलिशची गरज वाटत नाही. चिंचेचा गाभा त्याहून कठीण. खाटकाचा ठोकळा आणि तेलघाण्याचे भाग चिंचेचे करतात ते उगाच नाही. पण तो भोक पाडताना हाताचा घाम काढतो. फणस मला रंगासाठी आवडतो. ताजा कापला की हळदीसारखा पिवळा, आणि वापरता वापरता तपकिरी होत जातो. सागवान दिसतं देखणं, पण बारीक कामात रेषेवर चिरतं. माडाच्या खोडाचा बाहेरचा भाग लोखंडासारखा टणक असतो, मात्र त्याचे धागे सुटून तळव्यात कुसळं जातात, म्हणून मी तो फक्त शोभेच्या चकत्यांसाठी वापरतो. माणगा हा बांबू जवळजवळ भरीव असतो, मध्ये अगदी बारीक पोकळी. ती पोकळीच ड्रिलला वाट दाखवते, भोक सरळ जातं. ज्याला पहिल्यांदाच मूठ करायची आहे त्याने माणग्यापासून सुरुवात करावी.

कण्हेर आणि काजरा यांना हात लावू नये. कण्हेर सगळीच विषारी, आणि काजऱ्याच्या बियांत स्ट्रिक्निन असतं. अशा लाकडाची धूळ नाकातोंडात घेण्याइतकी आपल्याला लाकडाची टंचाई नाही. बाहेरचे लोक हौसेने हरणाच्या शिंगाच्या मुठी करतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सांबर-चितळाची शिंगं विकणं-विकत घेणं गुन्हा आहे, आणि जंगलात गळून पडलेलं शिंग दिसलं तरी ते तिथेच ठेवायचं. शिंगच हवं असेल तर म्हशीचं आहे की. झाड तोडायचा तर प्रश्नच येत नाही. एका मुठीला वीतभर फांदी लागते आणि जूनच्या पहिल्या वाऱ्यात कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, तेवढी रोज पडते. ती उचलायची, दोन्ही टोकांना मेण लावायचं आणि पुढच्या माघापर्यंत सावलीत विसरून जायचं. टोकांना मेण नसेल तर पाणी तिथून लवकर उडतं आणि लाकूड टोकापासून चिरत जातं. भोक पाडायचं ते माघ-फाल्गुनात, हवा कोरडी असताना. पावसाळ्यात लाकूड फुगतं; तेव्हा भोक पाडून रॉड बसवला तर हिवाळ्यात लाकूड आकसताना मध्ये कठीण धातू आडवा येतो आणि मूठ उभी फुटते.

आता रॉड मुठीत बसवायचा कसा? बहुतेक जण अराल्डाइट हा इपॉक्सी गोंद वापरतात. पकड जबरदस्त, यात वाद नाही. रॉडचा बसणारा भाग घासून खरबरीत केला, तेल लागू दिलं नाही, एक दिवस हलवलं नाही, तर तो पुन्हा निघत नाही. माझी तक्रार नेमकी याच गोष्टीची आहे. रॉड झिजणारा आहे. मूठ झिजत नाही, उलट दर वर्षी हाताला जास्त मानवते. झिजणारी आणि टिकणारी वस्तू कायमची एकमेकांना चिकटवली की झिजलेलीबरोबर टिकणारीही फेकावी लागते.

हे मला आमच्या गावच्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, शिकवलं. त्याच्याकडे कोयत्यांच्या मुठी बसवायला लोक येत, माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांच्या काती, म्हणजे सुऱ्याही येत. पातं लोहाराकडचं, मूठ याच्याकडची, आणि दोघांना धरून ठेवणारी लाख. मी त्याला अराल्डाइटची ट्यूब दाखवली तेव्हा त्याने वास घेऊन ती परत दिली. “लाख घाल. सुटली जाल्यार परतून बसयतां येता.”

लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या एका किड्याने स्रवलेली राळ. गोव्याला तिची ओळख नवी नाही. कुंकळ्ळीच्या चितारी कारागिरांचं सगळं कामच लाखेवर उभं आहे. चरकावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडावर चढते. मुठीत भरायची लाख मात्र नुसती चालत नाही, ठिसूळ होते. तिच्यात विटेची वस्त्रगाळ पूड मिसळावी लागते.

कोयत्याच्या बाबतीत मेस्त पात्याची शेपटी विस्तवात तापवतो आणि लाख भरलेल्या भोकात घुसवतो. फेरो रॉडला हे चालणार नाही, आणि इथे मला अगदी स्पष्ट बोललं पाहिजे: रॉड कधीही विस्तवावर धरायचा नाही. जी वस्तू जळण्यासाठीच केलेली आहे ती पेटली तर विझवता येत नाही. म्हणून क्रम बदलायचा. मुठीला रॉडपेक्षा अगदी किंचित मोठं, 25 मिलिमीटर खोल भोक पाडायचं. रॉडच्या बुडाकडच्या भागावर कानसीने एक उभी खाच मारायची, नाहीतर आत अडकलेली हवा रॉडला परत वर ढकलते. भोकात लाख-विटेची पूड दाबून भरायची. रॉड उन्हात पत्र्यावर ठेवून नुसता कोमट करायचा, कारण थंड रॉड लागला की लाख जागच्या जागी गोठते. मग त्याच जाडीचा लोखंडी खिळा तापवून भोकात सोडायचा. आतली पूड चुरचुरते, कडेने तपकिरी बुडबुडा वर येतो, आणि गोडसर, किंचित जळका वास पसरतो. खिळा फिरवत बाहेर काढायचा, दुसऱ्या हाताने रॉड आत, खाचेतून जास्तीची लाख बाहेर. ती ओल्या बोटाने गळ्याशी दाबून बसवायची. हे सगळं पाच-सहा श्वासांत उरकावं लागतं. त्या वेळात माझ्याशी कुणी बोललेलं मला चालत नाही.

लाखेला एक मर्यादा आहे. ती 70 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. खरवडताना रॉड एवढा तापत नाही, पण मे महिन्यात बंद गाडीत काचेखाली ठेवलेली मूठ सैल होऊ शकते. म्हणून ती गाडीत ठेवायची नाही. एवढं सांभाळायला मला हरकत वाटत नाही.

या रॉडचा जन्म कसा झाला ते कळलं तेव्हा मला आमच्या देवळातली नाटकं आठवली. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख नावाचा ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञ होता, 1858 चा जन्म. गॅसबत्तीचं जाळीदार मँटल त्याचं. 1885 साली त्याने त्याचं पहिलं पेटंट घेतलं आणि पुढे ते सुधारून 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियम ऑक्साइड असं मिश्रण ठरवलं. थोरियम मोनाझाइट नावाच्या वाळूतून काढतात. ते काढून घेतल्यावर सेरियम, लँथॅनम वगैरे धातूंचा ढीग उरायचा, त्याला गिऱ्हाईक नव्हतं. त्या उरलेल्या ढिगाचं काय करावं या विचारातून त्याने त्या धातूंत लोखंड मिसळलं आणि 1903 मध्ये ठिणग्या देणाऱ्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. सिगारेट लायटरमधला बारीक खडा तो हाच, आणि माझ्या बाकावरचा रॉडही त्याच घराण्यातला. हल्ली त्यात मॅग्नेशियमही घालतात. 1909 मध्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावर मोनाझाइट सापडलं, आपल्याच अरबी समुद्राच्या काठावर. गावच्या जत्रेला मराठी नाटक गॅसबत्तीच्या उजेडात व्हायचं, त्या काळातली माणसं आमच्या घरात अजून आहेत. कुणी बत्तीला पंप मारायचा, कुणी मँटलला फुंकर लागू नये म्हणून पोरांना लांब ठेवायचं. त्या पांढऱ्या उजेडाचा आणि आत्याच्या न्हाणीतल्या ठिणगीचा मूळपुरुष एकच निघावा, याचा मला मनापासून आनंद झाला.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना एक सांगतो. खारी हवा या धातूची वैरी आहे. मासेमारीच्या पिशवीत ओल्या दोरांबरोबर पडून राहिलेल्या रॉडवर पांढरट भुकटी येते आणि एक दिवस तो हातात तुटतो. उघड्या भागावर मेणाचा किंवा नेलपॉलिशचा पातळ थर द्यावा, पहिल्या ओढीत तो निघून जातो. मुठीला अळशीचं तेल चोळावं. ते लाकडात शिरून सुकतं. खोबरेल सुकत नाही, चिकट राहतं. होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात, ते लाकूड टिकवतं खरं, पण अंगावर फोड आणतं, हातात धरायच्या वस्तूला नको.

मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांवर वणवे लागले. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाण्याच्या बादल्या घेऊन घिरट्या घालत होती. रात्री समोरचा डोंगर लाल रेघेने उजळलेला असायचा आणि सकाळी अंगणात राख. त्यानंतर मी मूठ करून देताना एक अट घालायला लागलो. अभयारण्यात आग पाडायची नाही, आणि शिमग्यापासून पहिल्या पावसापर्यंत कुठल्याच रानात नाही. चूल, भाण, शेकोटीची ठरलेली जागा, एवढ्यासाठीच हे साधन. मुठीच्या भोकात दोरी ओवून देताना मी हे ज्याच्या-त्याच्या तोंडून वदवून घेतो. एकाला हे पोरकट वाटलं. त्याला मूठ दिली नाही.

आत्याचा पहिला रॉड यंदा पेराएवढा उरला. रोजचं काम, झिजणारच. मी मुठीला कापड गुंडाळलं आणि तिचा गळा किटलीच्या वाफेवर धरला. वाफ 100 अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे रॉड पेटण्याचं भय नाही, आणि लाखेला तेवढी उष्णता पुरते. थोड्या वेळाने पकडीने पिळत ओढला, तो आला. आतली लाख खरवडली, मूठ चार दिवस सावलीत सुकवली, नवी पूड भरली, नवा रॉड बसवला. पेरूचं लाकूड आता तिच्या हाताने काळसर, तुकतुकीत झालंय. अंगठ्याचा खळगा मी कोरला होता त्याहून खोल आहे.

तिने ती परत हातात घेतली, न्हाणीत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली की डिचोलीच्या तिच्या धाकट्या बहिणीचेही हात अलीकडे दुखतात. तिचा हात लहान आहे, आत्याच्या मापाची मूठ तिला चालणार नाही. चिकण माती मी कालच पिशवीत भरून पाठवली.